व्हॉल्व्ह फिरवावा कसा (हात न लावता)

सर्वप्रथम एक व्हॉल्व्ह निवडा. साखर कारखाना, डेअरी, खताचा प्लँट, रिफायनरी, कुठलाही चालेल. निवडलात? आता त्याच्यापासून लांब व्हा. पुढची सगळी मार्गदर्शिका हा व्हॉल्व्ह हात न लावता, आणि शेवटी शेवटी तर न बघताच, कसा फिरवायचा याविषयी आहे. माणसाला हे शिकायला तीनशे वर्षं लागली. तुम्हाला पहिल्या शिफ्टला जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

माणूस ठेवा

ही सर्वात जुनी पद्धत, आणि अजून बाद झालेली नाही. कोल्हापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर जा. काहिलीत रस उकळतोय, चुलवाणात चिपाडं जळताहेत आणि गुळव्या नुसता बुडबुड्यांकडे बघत उभा आहे. मध्येच तो थोडा पाक थंड पाण्यात सोडतो, त्याची गोळी वळते का पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. तापमापी लावली तर काटा ११८ अंशांच्या आसपास दिसेल. मोजायचं त्यानेच, ठरवायचं त्यानेच आणि करवून घ्यायचंही त्यानेच. गैरसोय एकच: गुळव्या आजारी पडला की गूळही आजारी पडतो.

गुळव्या परवडत नसेल तर पोरगं ठेवा. इंग्लंडात १७१२ च्या सुमारास न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन आलं. त्याच्या झडपा वेळच्या वेळी उघडायला आणि मिटायला हम्फ्री पॉटर नावाचं पोरगं ठेवलं होतं म्हणतात. कंटाळून त्याने झडपांना दोऱ्या बांधून त्या इंजिनाच्या हलत्या दांडीला जोडल्या आणि स्वतः खेळायला निघून गेला. बहुधा ही दंतकथाच असावी. पण ज्याने एकदाही रात्रपाळी केली आहे तो तिच्यावर शंका घेत नाही.

चेंडू बसवा

१७८८ साली जेम्स वॉटने आपल्या इंजिनावर दोन जड चेंडू गरगर फिरवले. कल्पना पवनचक्कीवाल्यांची होती, वॉटने ती वाफेला लावली. इंजिन जोरात पळालं की चेंडू बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप आवळतो, वेग उतरतो. वेग फार उतरला की चेंडू खाली येतात आणि झडप सैल होते. पगार नाही, सुट्टी नाही, चहा नाही.

मात्र चेंडूंना दोन खोडी असतात. बोजा वाढला की इंजिन ठरलेल्या वेगापेक्षा जरा कमी वेगावर स्थिरावतं आणि तिथेच समाधान मानतं. दुसरी खोड जास्त वाईट. कधीकधी ते स्थिरावतच नाही. आधी फार वेगात, मग फार हळू, असं झोके घेत बसतं. हे का होतं याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडलं, म्हणजे वॉटने चेंडू बसवून ८० वर्षं झाल्यावर. तुमच्या प्लँटमधली एखादी गोष्ट का चालते हे कुणालाच सांगता येत नसेल, तर घाबरू नका. परंपरा जुनी आहे.

घरातली तीन माणसं ओळखा

आता पीआयडी. इंटरव्ह्यूमध्ये हे विचारतातच. १९२२ साली निकोलस मिनोर्स्कीने जहाज सरळ कसं ठेवावं याचा अभ्यास केला. चांगला सुकाणूवाला नुसतं ‘आत्ता किती वाकडं झालं’ एवढंच बघत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. किती वेळ वाकडं चाललंय आणि किती झपाट्याने वाकडं होतंय, हेही तो बघतो. ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकी युद्धनौकेवर चाचण्या झाल्या, पण नौदलाच्या माणसांनाच ती यंत्रणा नको होती आणि ती स्वीकारली गेली नाही. ‘ऑटो’वर अविश्वास दाखवण्यात तुम्ही पहिले नाही.

या तीन नजरा म्हणजे अनुक्रमे पी, आय आणि डी. पाठ करायचं झालं तर असं करा. पी म्हणजे वडील: जेवढी चूक तेवढाच ओरडा, चूक आटोपली की विषय संपला. आय म्हणजे आत्या: गेल्या दिवाळीपासूनचं सगळं साठवून ठेवते आणि बाकी शून्य होईपर्यंत टोचत राहते. डी म्हणजे आजी: पोरगं जिन्याकडे वळलं की पडायच्या आधीच किंचाळते.

तिघांचाही उपयोग आहे. वॉटच्या चेंडूंची पहिली खोड आत्याच मोडते. थोडीशी चूक राहिली तरी ती स्वस्थ बसत नाही. पण व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा असेल, आणखी काही करण्यासारखं नसेल, तरी ती हिशेब वाढवतच राहते. मग परिस्थिती सुधारल्यावरही बराच वेळ व्हॉल्व्ह उघडाच राहतो, कारण जुना हिशेब फिटलेला नसतो. याला ‘वाइंडअप’ म्हणतात. आजीचा त्रास वेगळा. सिग्नल जरा थरथरला की तिला वाटतं पोरगं पडलंच. म्हणून पुस्तकात तिन्ही असतात, पण प्रत्यक्ष प्लँटमध्ये बहुतेक लूपवर आजीला कायमचं झोपवलेलं असतं.

कोणाला किती बोलू द्यायचं हे ठरवणं म्हणजे ट्यूनिंग. टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतल्या झीगलर आणि निकल्स यांनी १९४२ साली त्याची कृती दिली. आत्या आणि आजीला गप्प करा, वडिलांचा आवाज वाढवत न्या, सगळा प्लँट एकसारखे झोके घेऊ लागला की थांबा आणि तिथून मागे या. म्हणजे जे होऊ नये म्हणून तुम्हाला पगार मिळतो, ते मुद्दाम घडवायचं. साहेब राउंडवर असताना करू नका.

हवा भरा

व्हॉल्व्ह एका टोकाला, मीटर दुसऱ्या टोकाला, मध्ये निरोप कोण नेणार? १९३०च्या दशकापासून हे काम दाबलेल्या हवेने केलं. तांब्याच्या बारीक नळ्यांतून ३ ते १५ पीएसआय दाब. ३ म्हणजे काहीच नाही, १५ म्हणजे सगळं. पुढे विजेच्या तारा आल्या तेव्हा ४ ते २० मिलिअँपिअर झालं.

शून्यापासून का नाही, हा प्रश्न नवशिक्याने जरूर विचारावा, कारण या धंद्यातलं सर्वात शहाणं उत्तर त्यात आहे. टाकी रिकामी असेल तर ४ मिलिअँपिअर येतात. उंदराने तार कुरतडली तर शून्य येतं. टाकी रिकामी आहे, की सांगणाराच मेला, हे दोन वेगळे निरोप आहेत.

त्या काळची कंट्रोल रूम म्हणजे एक लांबलचक भिंत. गोल कागदावर फिरणाऱ्या शाईच्या पेना, काटे, दिवे, हवेची फुसफुस. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलं तरी सगळा कारखाना नजरेत असायचा, आणि एखादी पेन नेहमीपेक्षा वर चढली की वाचल्याशिवाय कळायचं.

बॉयलरच्या लेव्हलवर विश्वास ठेवू नका

हा भाग सावकाश वाचा. साखर कारखान्यात बगॅसवर चालणारा बॉयलर आहे. त्याच्या ड्रममधली पाण्याची पातळी मध्यावर ठेवायची आहे. पातळी उतरली तर पाणी वाढवायचं, चढली तर कमी करायचं. यात कसली अक्कल?

आता मिलमध्ये ऊस एकदम जास्त आला. टर्बाइनने वाफ ओढली. ड्रममधला दाब पडला. दाब पडला की पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात, आणि पातळी वर जाते. पाणी संपत चाललंय, पातळी दाखवणारी काच मात्र पाणी वाढलंय म्हणून सांगते. तुमचा आज्ञाधारक कंट्रोलर काचेवर विश्वास ठेवून पाणी बंद करू लागतो, नेमकं हवं असताना. बुडबुडे बसले की पातळी धाडकन खाली येते, आणि बॉयलर ट्रिप होतो.

उपाय असा, की एकट्या पातळीला विचारायचंच नाही. वाफ किती बाहेर गेली ते मोजा, पाणी किती आत गेलं ते मोजा, दोन्हींचा मेळ घाला आणि पातळीचा शब्द फक्त शेवटच्या दुरुस्तीपुरता ऐका. याला थ्री एलिमेंट कंट्रोल म्हणतात. मुरलेला बॉयलर अटेंडंट हे शब्द न वापरता हेच करतो. वाफ ओढली गेल्याचं त्याला आवाजावरून कळलेलं असतं.

भिंत पाडा

यापुढचं भराभर. १९५९ साली टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरच्या रिफायनरीत आरडब्ल्यू-३०० हा कॉम्प्युटर प्लँट चालवू लागला. १९६२ साली इंग्लंडात आयसीआयच्या सोडा अ‍ॅशच्या कारखान्यात फेरांटीच्या एकाच कॉम्प्युटरने २२४ मोजमापं घेऊन १२९ व्हॉल्व्ह थेट हातात घेतले. तो बंद पडला तर काय, हा प्रश्न पडून १९७५ साली हनीवेल आणि योकोगावा यांनी काम अनेक छोट्या डोक्यांत वाटणारी डीसीएस काढली. दरम्यान मोटारींच्या कारखान्यांतली रिलेंनी भरलेली कपाटं पीएलसी नावाच्या पेटीने हटवली. तिचा प्रोग्रॅम मुद्दाम शिडीसारख्या विजेच्या नकाशात लिहायचा ठरला, इलेक्ट्रिशियनला वाचता यावा म्हणून. या क्षेत्रात कुणी कामगाराला विचारून केलेली ही दुर्मीळ गोष्ट.

भिंत गेली, पडदा आला. पडद्यावर एका वेळी एकच पान दिसतं. बाकीचा कारखाना तुम्ही उघडलं नाहीत त्या पानांवर चालू असतो.

घंटा बंद करायला शिका

भिंतीच्या काळात एक अलार्म बसवायचा म्हणजे तार ओढा, भोक पाडा, दिवा आणा. पैसे लागायचे, म्हणून लोक विचार करायचे. डीसीएसमध्ये अलार्म फुकट. मग प्रत्येक मोजमापाला हाय, हायहाय, लो, लोलो. वेल्समधल्या पेम्ब्रोकच्या रिफायनरीत १९९४ साली स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. दर अडीच सेकंदाला एक. अशा वेळी माणूस काय करतो? अ‍ॅक्नॉलेजचं बटण दाबतो, दाबत राहतो. तुम्हीही हेच कराल, म्हणून शहाण्या प्लँटमध्ये आता अलार्म लावण्यापेक्षा काढून टाकण्याचं काम मोठं झालं आहे.

दिवा काय सांगतोय ते विचारा

२८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि मिटलाच नाही. पॅनलवरचा दिवा मात्र विझलेला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद. तो दिवा व्हॉल्व्हला जोडलेलाच नव्हता. व्हॉल्व्हला दिलेल्या हुकमाला जोडलेला होता. मिटायला सांगितलं होतं, एवढंच तो सांगत होता. त्यातून दोन तासांहून अधिक काळ पाणी निघून गेलं आणि गाभ्याचा बराच भाग वितळला. शिवाय ऑपरेटर पाण्याच्या ज्या पातळीकडे बघत होते ती चढलेली दिसत होती, म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. बॉयलरच्या काचेचा प्रकार आठवा.

टेक्सास सिटीतल्या रिफायनरीत २००५ साली स्फोट झाला, त्याआधी १७० फुटी मनोरा जवळजवळ काठोकाठ भरला होता. मीटर तळाच्या थोड्या फुटांपुरताच होता, आणि पातळी उतरतेय म्हणून दाखवत होता. १५ माणसं गेली. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने इराणमधली सेंट्रिफ्यूज बिघडवताना पडद्यावर आधी टिपून ठेवलेले ठीकठाक आकडे फिरवत ठेवले. तिथे सांगणारा मेला नव्हता. फितूर झाला होता.

म्हणून शिकाऊ ऑपरेटरने पडद्यावरच्या प्रत्येक व्हॉल्व्हला एकच प्रश्न विचारावा: तुला उघडायला सांगितलंय, की तू उघडला आहेस? बऱ्याच व्हॉल्व्हना उत्तर देता येत नाही. त्यांच्यासाठी फिल्डमध्ये हेल्पर असतो. त्याला वॉकीटॉकीवर अदबीने म्हणावं, “मामा, जरा बघता का?” मामा गेले नाहीत आणि तरी “उघडलाय” म्हणाले, हेही होतं. ते आवाजावरून ओळखायला वर्षभर लागतं.

बाकी भांडणांची तयारी ठेवा. प्रोसेसवाले म्हणतील मीटर चुकतोय, इन्स्ट्रुमेंटवाले म्हणतील मीटर बरोबर आहे, प्रोसेसच बिघडली आहे, आणि मेकॅनिकलवाले जेवायला गेलेले असतील. आता कुणी येऊन सांगेल की एआय सगळं बघेल. बघू द्या. कॉम्प्युटर कितीही हुशार झाला तरी बहुतेक प्लँटमध्ये त्याचा हुकूम शेवटी दाबलेल्या हवेलाच पाळावा लागतो. पावसाळ्यात त्या हवेत पाणी आलं तर हुकूम वाटेतच राहतो.

शिफ्ट सोडताना लॉगबुकात ‘सर्व ठीक’ असं लिहू नका. कोणते लूप मॅन्युअलवर आहेत, कोणता अलार्म दाबून ठेवलाय आणि कोणता सुरक्षेचा इंटरलॉक बायपास केलाय, ते लिहा. आणि बायपासची किल्ली खिशात घालून घरी जाऊ नका.