मॅनेजर

आमच्या सिद्धेश्वरातून दोन गोष्टी बाहेर जातात. कालव्यानं पाणी आणि ट्रॅव्हल्सनं पोरं. पाणी वसमतकडं, पोरं पुण्याला. त्यातलं जे पोरगं एमबीएला जातं, त्याला गाव सीईटीचा निकाल लागायच्या आत 'मॅनेजर' करून टाकतं. कशाचा मॅनेजर हे कुणी विचारत नाही. त्यालाही माहीत नसतं.

बीकॉम होईपर्यंत हा तुमच्याआमच्यासारखाच असतो. हिंगोलीला कॉलेज, पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची, आणि पावसाळ्यात धरणाचे किती दरवाजे उघडतील यावर चहाची पैज. बदल होतो तो वाघोलीत, भल्या पहाटे गाडीतून उतरल्यावर. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईनं दिलेला धपाट्यांचा डबा, येसराची पिशवी आणि चेहऱ्यावर शहर विकत घ्यायला आल्याचा भाव.

तो भाव सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत उतरतो. चौघांत एक खिडकी. चौघांत एक ब्लेझरही. ज्याचं प्रेझेंटेशन, त्याच्या अंगावर ब्लेझर. दोघांची एकाच दिवशी आली तर एकानं तापानं आजारी पडायचं. ऑपरेशन्स मॅनेजमेंटचा पेपर पुढच्या सेमिस्टरला असतो, पण अभ्यास असा आधीच सुरू होतो.

खरी पंचाईत पत्त्याची.

"गाव कोणतं?"

"सिद्धेश्वर."

"म्हणजे सोलापूर!"

"नाही, औंढ्याजवळचं."

"अरे, औंध? मग रोज घरून ये की. बस आहे."

मग तो सबंध भूगोल सांगतो. पूर्णा नदी, वर येलदरी, खाली आमचं धरण, 1999 साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा, शेजारी औंढा नागनाथ, आठवं ज्योतिर्लिंग. एवढ्यात मागच्या बाकावरचा गुजराती मुलगा म्हणतो, "नागेश्वर तो द्वारका के पास है." वादाला अंत नसतो. एकाच नावावर दोघांचा दावा असला की गिऱ्हाईक ज्याच्याकडं आधी पोचेल त्याचं खरं, एवढं मार्केटिंग त्याला तिथं फुकटात कळतं. बाकीच्या मार्केटिंगची फी महाडीबीटीवर अडकलेली असते. शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला आहे की विभागाच्या, हे बघत त्याचं पहिलं वर्ष जातं.

दुसरा शत्रू खोलीतच असतो, सांगलीचा. हळद म्हटली की सांगली, हे त्याला आईच्या दुधातून मिळालेलं. आमचा मॅनेजर उसळतो. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त हळद पिकते हिंगोली जिल्ह्यात आणि नाव मात्र सांगलीचं! 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यानं स्वखर्चानं चौघांना मिसळ खिलवली. सांगलीकरानं ती खाल्ली आणि तोंड पुसून म्हणाला, "आम्हाला 2018 लाच मिळालंय."

दिवाळीला गावी येतो तो वेगळाच प्राणी. बोलण्यात 'बेसिकली' आलेलं असतं. येलदरी म्हणजे सप्लायर, सिद्धेश्वर म्हणजे वेअरहाउस, वसमत म्हणजे कस्टमर, असं धरणाकडं हात करून तो भाचरांना समजावतो. धरणावर मासे विकणाऱ्या मामांनाही सोडत नाही.

"मामा, तुमचा टार्गेट कस्टमर कोण?"

"ज्याच्या खिशात पैसे हायेत त्यो. तू घ्यायलास का?"

हा घेत नाही.

त्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात, हळद मार्केटला. प्रोजेक्टचा विषय हळदच असतो, फोनवर वायद्याचे भाव हिरवेलाल होत असतात. वडील पोत्याशी उकिडवे. बीट सुरू होतं. व्यापारी येतो, पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळाचं एक हळकुंड काढून दोन्ही अंगठ्यांनी मोडतो. नीट शिजलेली, नीट वाळलेली हळद कट्‌कन मोडते आणि आत गर्द नारंगी दिसते. तो रंग बघून व्यापारी आकडा बोलतो आणि पुढच्या ढिगाकडं जातो. ना स्लाईड, ना ग्राफ. मॅनेजर फोन खिशात घालतो.

घरी येताना मात्र तो तोंड उघडतो. सगळा माल आत्ताच कामून विकायचा? अर्धा गोदामात ठेवू, पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत पावतीवर कर्ज उचलू, भाव आला की काढू. वडील बराच वेळ बोलत नाहीत.

"हे तर वखारीचा वॉचमन बी सांगतो. त्याच्यासाठी दोन वर्षं पुण्याला कशाला पायजे?"

पण पुढच्या साली अर्धी हळद गोदामात जाते. भाव वाढतोच असं नाही. वाढला तर अक्कल वडिलांची, पडला तर एमबीएची.

शेवटी प्लेसमेंट होतं. व्हिजिटिंग कार्डावर छापून येतं 'रिलेशनशिप मॅनेजर' आणि गाव म्हणतं, आम्ही आधीच सांगितलं होतं. काम फोनवर विमा आणि कर्ज खपवायचं. महिन्याचं टार्गेट, रविवारी मेसची फीस्ट, ब्लेझर आता स्वतःचा.

असा फोन तुम्हालाही येत असेल. बोलण्यात मराठवाडा ऐकू आला तर लगेच कापू नका. पॉलिसी घेतली पाहिजे असं नाही, फक्त गाव विचारा आणि हळदीचं कसं चाललंय ते विचारा. टार्गेट बाजूला ठेवून पोरगं दहा मिनिटं बोलेल, आणि विम्याचं काहीही असो, हळदीचा भाव तो खरा सांगतो.