कर्नलच्या बाहेरचं गाव

बेळगावात कुठल्याही प्रश्नाचा महाजन अहवाल व्हायला वेळ लागत नाही. परवा आमच्या घरी चार हार्डडिस्कचा झाला. दोन डिस्क चार टीबीच्या, एक दोनची, एक एकची. आत निपाणीच्या तंबाखू वखारीतले बाबांचे फोटो, कॅसेटवरून उतरवलेली लग्नं, कन्नडमधले जमिनीचे उतारे. वाटणी सुरू होताच कोणीतरी म्हणालंच, "264 गावं इकडं, 247 तिकडं!"

बेंगळुरूहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, सगळ्या एकत्र करून झेडएफएस घाला की."

"लिनक्सवर चालतं न्हवं?"

"चालतं की. पण कर्नलमध्ये नाही."

इथं माझे कान टवकारले. झेडएफएस ही फाइल सिस्टीम 2005 मध्ये सन कंपनीच्या सोलारिसमध्ये आली, तिचा परवाना सीडीडीएल. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, जीपीएल. दोघांचाही कोड सगळ्यांना खुला, पण कर्नलवाल्यांच्या मते हे दोन परवाने एका घरात नांदत नाहीत. म्हणून इतकी वर्षं झेडएफएसचा रोजचा व्यवहार कर्नलशी आणि नाव मात्र बाहेरच्या यादीत. कर्नलची नवी आवृत्ती आली की यांनी मागून धावत जुळवून घ्यायचं. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा आहे. झेडएफएसवाल्यांनो, तुम्ही आम्हाला वर्षभरानं धाकटे.

दुसरा उमेदवार बीटीआरएफएस. हा 2009 पासून कर्नलमधलाच रहिवासी, दाखल्याची भानगड नाही. गंमत अशी की हे 2007 मध्ये सुरू झालं ओरॅकलमध्ये, आणि 2010 मध्ये ओरॅकलनं सनच विकत घेतली. म्हणजे दोन्हीकडचा मालक एक, तरी तिढा तसाच. मुंबईत आणि बेंगळुरूत एकाच पक्षाची सरकारं आम्हीही पाहिलीत.

आता आमच्या चार विजोड डिस्कांचा हिशेब. झेडएफएसच्या रेड-झेडमध्ये सगळ्यांनी सगळ्यात लहान बैलाच्या चालीनं चालायचं, वर एका डिस्कची जागा दुरुस्तीसाठी राखायची, म्हणजे 11 टीबीतले हातात 3. बीटीआरएफएसच्या रेड-1 मध्ये प्रत्येक फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, आकार कसाही असो: साडेपाच. (त्याच्याच रेड-5 आणि 6 च्या वाटेला जाऊ नका. तसं बनवणारेच सांगतात.) झेडएफएस आणि बीटीआरएफएस, दोन्हींचा खरा उपयोग निराळाच. फाइल लिहिताना ते तिची खूण नोंदवतात, वाचताना ती ताडून बघतात आणि बिघडलेली निघाली तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करतात. आमच्या जुन्या एनटीएफएस डिस्कवर आजीचा एक फोटो आहे. नाकापर्यंत आजी, खाली राखाडी पट्टा. तो कधी बिघडला ते डिस्कनं सांगितलं नाही, कारण तिलाच ठाऊक नव्हतं.

भांडण रात्री साडेबारापर्यंत चाललं. मग बायको म्हणाली, "काय घालायचं ते घाला. पण चारही डिस्क त्या एकाच कपाटात ना?"

ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, तेव्हा निपाणीकडच्या आमच्या चुलत्यांकडं फोटोंची डिस्कही होती आणि प्रतही होती. दोन्ही टीव्हीखालच्या एकाच कप्प्यात. फाइल सिस्टीम कुठली होती ते चिखलात कोणी विचारलं नाही.

शेवटी बीटीआरएफएस ठरलं, बहुमतानं. झेडएफएसवाल्या भाच्यानं निषेध नोंदवला आणि स्वतःच बसून ते घातलं. पाचवी डिस्क कोल्हापूरला आक्काकडं ठेवायची आहे. ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत तयार आहे. कोणीतरी कोणाच्यातरी बसला काळं फासलंय, त्यामुळं आज दोन्हीकडच्या एसट्या कोगनोळीच्या पुढं जात नाहीत.