मोफत कॅमेऱ्यापासून लेकरांना वाचवा

उन्हाळ्याच्या सुट्टीत नांदेड-लातुरातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी मोफत चित्रपट कार्यशाळा घ्यावी, कॅमेरा म्हणून घरातलाच मोबाईल वापरावा आणि संगीताला गावातलेच संबळवाले, हलगीवाले, भजनी मंडळी बोलवावीत, ही कल्पना ऐकायला अगदी निरुपद्रवी वाटते. मोठ्या शहरांत असली शिबिरे होतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून ‘स्किफ्ट’ नावाखाली आपले छोटे अभ्यासक्रम पुण्याबाहेर नेले, त्यात मोबाईलवर चित्रपट करायला शिकवणारेही होते. तेव्हा हे लोण गोदावरी-मांजरेपर्यंत येणारच नाही, अशा भ्रमात कोणी राहू नये. या सदराचे म्हणणे एवढेच, की येण्याआधीच त्याचा बंदोबस्त व्हावा. कारण मुले त्यात बिघडतील अशी भीती नाही. मुले पाहायला शिकतील, अशी आहे.

पहिली अडचण वेळापत्रकाची. ज्या सुट्टीत हे शिबिर घ्यायचे, ती सुट्टी आपल्याकडे शिल्लकच नाही. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि निकालाची वाट न पाहता अकरावीचा अभ्यास सुरू होतो. बारावीवाल्यांची वैद्यकीय प्रवेशाची नीट मे महिन्यात. कोणाची आई गावाकडचे घर कुलूपबंद करून लातुरात खोली घेऊन राहिली आहे, सकाळ-संध्याकाळ डबा करते आणि मधल्या वेळात पंखा चालू आहे ना ते बघते. नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. त्यातले काही सेकंद वाचवायला शिकवणे हाच आपल्याकडच्या शिक्षणाचा गाभा. उलट सिनेमा शिकवणारा माणूस सांगणार, की दारात बसलेल्या आजीवर कॅमेरा लाव आणि पूर्ण मिनिटभर हलवू नकोस, बघ काय दिसते. त्या मिनिटात चार पर्याय नाहीत आणि उणे गुणही नाहीत. अशी सवय लागलेला मुलगा परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नाकडे टक लावून बसला, तर जबाबदार कोण?

यावर कोणी म्हणेल, की मुलांना थोडी अभिव्यक्ती हवी, चेहरा हवा. चेहऱ्याची सोय आपण कधीच केलेली आहे. निकाल लागला की चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर पाहावे. एका रांगेत बारा चेहरे, सगळे सारख्या आकाराचे, मागे तोच निळा रंग, खाली ७२० पैकी पडलेले गुण आणि वर क्लासच्या संचालकांचा फोटो, तो मात्र चौपट मोठा. पासपोर्टच्या फोटोत असते तेवढेही हसू त्या चेहऱ्यांवर नसते, कारण बहुतेक फोटो प्रवेशअर्जाचेच उचललेले असतात. ज्या शहरांत इतकी चित्रे भर रस्त्यात विनाशुल्क पाहायला मिळतात, तिथे आणखी चित्रपट हवेत कशाला? फ्लेक्सवर न आलेल्यांच्या गोष्टीचे काय, असा खोचक प्रश्न काही लोक विचारतात. ती गोष्ट सांगितली जात नाही, हेच लातूर पॅटर्नचे यश आहे.

आता काही जण इतिहास काढतील. लातूर पॅटर्नशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे साहित्याचे प्राध्यापक होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि संस्कृती यांची ओळख त्यांनी ग्रंथ लिहून मराठीला करून दिली. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले तेव्हा पहिले कुलगुरूही तेच झाले. नांदेडची बाजूही अशीच अडचणीची. ज्या नरहर कुरुंदकरांच्या नावाने हे शहर आजही मान ताठ करते, ते इंटरच्या परीक्षेत नापास झालेले. वर्गाबाहेरचे वाचन एवढे, की परीक्षेला वेळ उरला नाही. पुढे ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि भरताच्या नाट्यशास्त्रापासून सौंदर्यशास्त्रापर्यंत लिहीत राहिले. हे सगळे खरे आहे आणि म्हणूनच मुलांना सांगण्यासारखे नाही. या दोघांचे पुतळे, व्याख्यानमाला, सभागृहे जरूर असावीत. त्यांच्यासारखे वागण्याची परवानगी मात्र अकरावीच्या मुलाला देता येणार नाही. कुरुंदकर आज अकरावीत असते, तर पालकसभेत त्यांच्या वडिलांना उभे करून विचारले गेले असते, की मुलगा ग्रंथालयात नेमके करतो तरी काय?

दुसरी अडचण कलावंतांची, आणि ती जास्त गंभीर आहे. एप्रिल-मे म्हणजे ऐन लग्नसराई. गावातला बँडवाला, सनईवाला, हलगीवाला वर्षाची कमाई याच दोन महिन्यांत करतो, त्यातही निम्मी सुपारी डीजेने पळवलेली. अशा माणसाला मानधन देऊन शिबिरात बसवले, तर काय घडेल याचा विचार करा. तो हलगी जाळावर धरून शेकेल, बोटाने टिचकी मारून ताण बघेल, पुन्हा शेकेल. मोबाईल घेऊन जवळ उभ्या असलेल्या मुलाला पहिल्याच थापेला कळेल, की एवढ्या जवळून आवाज फुटतो आणि दहा पावले मागे सरकावे लागते. मग गोंधळी येईल. संबळाची दोन भांडी वेगळ्या आवाजाची का, एका काडीचे टोक वाकडे का, हे दाखवेल. औशाच्या नाथ परंपरेतले चक्रीभजन चित्रित करायचे म्हटले, तर भजन म्हणणारेच गोल फिरतात, मग कॅमेरा कुठे ठेवायचा, असा पेच पडेल. यात भूमिती आहे, ध्वनिशास्त्र आहे, म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचे फारसे काही नाही, असा युक्तिवाद होईल. तो फसवा आहे. खरा धोका पुढे आहे. लग्नात मांडवाबाहेर उभे राहून वाजवणारा आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारा माणूस दहा दिवस वर्गात ‘सर’ होईल. एकदा मुलाने त्याला सर म्हटले, की पुढच्या लग्नात त्याला उन्हात उभे केलेले त्या मुलाला खटकणार. घराघरांत असली भांडणे लावून देणारे शिबिर कोणाला परवडेल?

लोककलेची उपेक्षा होते, हा आरोपही आम्हाला मान्य नाही. माहूरला रेणुकेसमोर संबळ वाजतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे-गाढवांच्या बाजाराबरोबर लावणीचा मंच असतो. विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय बालनाट्याची आणि लोककलांची प्रशिक्षण शिबिरे घेते. एवढे सगळे असताना मुलांची आणि कलावंतांची गाठ आणखी कुठे घालायची? देवळात, यात्रेत आणि मंचावर कलावंताला पाहणे सुरक्षित असते, मधे अंतर असते. शेजारी बसून ‘काका, हा ठेका पुन्हा वाजवा, मागून गाडी गेली’ म्हणणे वेगळे.

आता विरोधकांचा हुकमी एक्का. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात केम नावाचे गाव आहे. तिथे हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे नावाचा शाळकरी मुलगा नागराज मंजुळे यांच्या नजरेत भरला, ‘फँड्री’त जब्या झाला आणि ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट बालकलाकार ठरला. अमर देवकर यांचा ‘म्होरक्या’ आणि विनोद कांबळे यांचा ‘कस्तुरी’ या दोन चित्रपटांना दोन वर्षांच्या अंतराने सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दोन्हींचे धागे बार्शीकडे जातात. बार्शी लातूरच्याच रेल्वेमार्गावर. खानदेशच्या उंबरठ्यावरच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० मध्ये यंत्रमागवाल्यांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला, त्यांच्यावर पुढे माहितीपट निघाला आणि अलीकडे हिंदी चित्रपटही. म्हणजे फार पैसा लागत नाही, मुंबईला जावे लागत नाही, हलगी आणि हिंमत पुरते, असा निष्कर्ष उतावळे लोक काढतात. आमचे उत्तर साधे आहे. बार्शीला पॅटर्न नाही, म्हणून त्यांना वेळ आहे. शिवाय राष्ट्रीय पुरस्काराला वैद्यकीय प्रवेशात किती गुण धरतात, ते आधी कळवावे. लातूरचे रितेश देशमुख सिनेमात गेलेच ना, म्हणणाऱ्यांनाही सांगणे आहे, की त्यांनी आधी वास्तुविशारदाची पदवी घेतली होती आणि त्यांचे वडील मुख्यमंत्री होते. या दोन अटी पूर्ण करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला आम्ही अडवणार नाही.

मोबाईल तर मुलांच्या हातात आहेच, मग त्याचा चांगला उपयोग का करू नये, हा आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. पण रील पाहणारा मुलगा शांत असतो. जेवताना पाहतो, पांघरुणात पाहतो, कोणाला त्रास देत नाही. तोच मुलगा काही बनवायला लागला, की बोलू लागतो. उजेड कुठून येतो, खिडकी का उघडत नाही, आजोबा हसताना तोंडावर हात का धरतात, गल्लीत नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, असे प्रश्न विचारतो. पाहणारा ग्राहक असतो आणि ग्राहक कोणालाही परवडतो. विचारणारा साक्षीदार होतो. साक्षीदार तयार करण्याचे काम मोफत चालवायचे आणि वर त्याला सुट्टीतला विरंगुळा म्हणायचे, हा भाबडेपणा आहे.

मुख्य मुद्दा इथेच येतो. ही मुले चित्रित काय करणार? एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे त्या महिन्याच्या १२ तारखेला लातुरात आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी आणि फलाटावर राजधानीपासूनचे कॅमेरे. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ‘सैराट’ प्रदर्शित झाला. त्याचे संगीत हॉलिवूडमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले होते आणि पुढच्या सगळ्या वरातींत आमच्या बँडवाल्यांनी ते वाजवले. पाणी बाहेरून आले, कॅमेरे बाहेरून आले, गाणेही बाहेरून आले. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीची जमीन हादरली, तेव्हाही जगाने ती बाहेरच्या कॅमेऱ्यांतूनच पाहिली. मराठवाड्याने दृश्य पुरवायचे आणि दुसऱ्याने टिपायचे, ही वाटणी इतकी वर्षे बिनतक्रार चालली आहे. बाहेरचा कॅमेरा दोन दिवसांत परत जातो, हा त्याचा मोठा गुण. गल्लीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातातला कॅमेरा कुठे जाणार? ती टँकरची रांग रेल्वे येण्याआधी टिपेल आणि रेल्वे गेल्यानंतरही टिपेल. पाण्यावरून थकली की अभ्यासिकेकडे वळेल. तिथे एकामागे एक मांडलेली टेबले, भिंतीवरची वेळापत्रके, रात्री बाराला मेसच्या डब्यातली गार भाजी आणि घरच्या फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणणारा एक आवाज तिला सापडेल. त्याखाली तिने संबळ वाजवला, तर ते गाव ऐकेल. संचालकांच्या चौपट मोठ्या फोटोला एवढे उत्तर पुरेसे आहे.

शेवटी ‘मोफत’ या गोष्टीबद्दल. ज्याची फी नाही त्याला आपल्याकडे किंमत नाही, हे आपण हप्ते भरून शिकलो आहोत. म्हणून कार्यशाळा टाळता येणारच नसेल, तर निदान तिला शिस्त लावावी. आधी प्रवेशपरीक्षा ठेवावी. हलगीचे चार पर्याय द्यावेत आणि चुकीच्या ठेक्याला उणे गुण असावेत. तिची फाउंडेशन बॅच सातवीपासून काढावी. पहिल्या बारा दिग्दर्शकांचे फोटो निळ्या पार्श्वभूमीवर चौकात लावावेत. दोन वर्षांत मुलांना सिनेमाचा असा उबग येईल, की प्रश्न आपोआप मिटेल. शिक्षणाच्या बाबतीत हा उपाय आपल्याकडे सिद्ध झालेला आहे.

ज्या पालकांना हे पटत नसेल, त्यांनी नसता धोका पत्करून पाहावा. या मे महिन्यात दहा दिवस लेकराच्या हातात फोन द्यावा, गल्लीतल्या एखाद्या वादकाला मानधन देऊन, खुर्ची देऊन घरी बोलवावे आणि तयार झालेली पाच मिनिटांची फिल्म घरच्या सगळ्यांनी मिळून पाहावी. परिणामांना सदरलेखक जबाबदार राहणार नाही.