नाटकाआधीचा आलू

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडशाचं, आणि आमचं घर त्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. लग्न ठरवताना माझ्या वडिलांना ही मोठी सोय वाटली होती. सोयच आहे ती. फक्त कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही.

भाऊबीज झाली की आमच्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरू लागतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. नाटक कुरूडला असो, विसोऱ्याला असो की कोंढाळ्याला. गोंदियाकडचा पाहुणा उतरणार वडशाला आणि चांद्याकडचाही वडशालाच. उतरला की नाटकाला अजून बराच वेळ असतो. मग त्याला आठवतं, की आपली मामी, वहिनी, मावससासू, निदान गाववाली तरी कोणी स्टेशनाजवळ राहते. "जेवाचं काही करू नका जी, आमी जेवूनच निंगलो," असं दारातूनच ओरडत तो आत येतो आणि थेट मोरीवर हातपाय धुवायला जातो. पानं मांडा असं तोंडाने न सांगता सांगायची ही आमच्याकडची रीत.

माणसं किती येणार, हे विचारायचं नसतं. विचारलं तर "आमी दोघंच" असं उत्तर मिळतं, आणि दोघांच्या मागून मेहुणा, मेहुण्याचा पार्टनर आणि दोन पोट्टे उतरतात. अशा जेवणात कोंबड्याचे तुकडे मोजके असतात. भात हवा तेवढा असतो. धानाच्या मुलखात भात कमी पडला तर तोंड लपवायला जागा उरत नाही. या दोहोंच्या मधली जी खिंड, ती आलूने लढवायची असते.

पण कोणत्या आलूने? इथे माझी एक अट आहे, आणि खरं सांगायचं तर तिचा पाहुण्यांच्या सुखाशी काही संबंध नाही. आलू दुपारीच करून ठेवता आला पाहिजे, कारण रात्री मला नाटकाला जायचं असतं. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. दिवाळी ते होळी हंगाम चालतो, गावोगावची मंडळं तारखा पक्क्या करायला इथे येतात, आणि त्या रंगीबेरंगी पाट्यांखालूनच मी आलू-कांदे घेऊन घरी येते. गुरनोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच मंचावर लोकांना हसवण्यात उभा जन्म घालवला म्हणून. अशा मुलखात राहून पडदा उघडताना मी घरी कढई ढवळत बसायचं? पाककृतींच्या पुस्तकांत 'आयत्या वेळी वरून फोडणी द्यावी' असं लिहितात. आयत्या वेळी मी सतरंजीवर पुढची जागा धरून बसलेली असते. फोडणी कोणी द्यावी, ते पुस्तकात नसतं.

तर उमेदवार एकेक पाहू. जिऱ्याचा सुका आलू दिसायला गुणी. उकडून गार केला की त्यातला स्टार्च आवळून बसतो, त्यामुळे फोडी सुबक पडतात, मोडत नाहीत. पण त्या परतायच्या आयत्या वेळीच. दुपारी परतून ठेवल्या तर रात्री चामट होतात. बाद.

दह्यातला आलू ही माझ्या नागपूरच्या नणंदेची सूचना. दह्यात मीठ पडलं की त्याला पाणी सुटायला लागतं, आणि पाहुण्यांची पहिली पंगत बसेपर्यंत आलू पोहायला लागलेले असतात. नणंद म्हणते, मीठ शेवटी घाल. म्हणजे पुन्हा आयत्या वेळी. तिला नाटकाची आवड नाही, हे यातून कळतं.

आलूबोंड्याचं सारण सकाळी करता येतं, इतपत तो शहाणा. पण तळून ठेवला की आतल्या वाफेने वरचं बेसन मऊ पडतं. शिवाय मंडपाबाहेर रात्री दोनला थेट कढईतून कागदावर पडणारा बोंडा असतो. त्याच्याशी घरच्या बोंड्याने सामना करू नये.

उरला वांगे-आलूचा रस्सा. खरं तर तो उरला नाही, तो पहिल्यापासून ठरलेलाच होता. बाकीच्यांच्या मुलाखती मी नणंदेच्या समाधानासाठी घेतल्या. आलू सालीसकट उकडायचे आणि सोलल्यावर हाताने फोडायचे. सुरीला हात लावायचा नाही. हाताने फोडलेल्या आलूच्या कडा ओबडधोबड राहतात, त्या रस्स्यात विरघळतात आणि रस्सा आपोआप दाटतो. माझी जाऊ कच्चा आलू टाकते आणि लगेच वर भेदरे, म्हणजे टोमॅटो, चिरून घालते. मग आलू शिजायचं नाव घेत नाही, कारण आंबट लागलं की तो हटून बसतो, आणि ती गॅसवाल्याला नावं ठेवते. खोबरं, खसखस आणि काळा मसाला भाजून वाटायचा, वांगी वेगळी तेलात परतून घ्यायची, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

मुख्य गोष्ट पाण्याची. दुपारी चारला हा रस्सा पातळच दिसला पाहिजे. सासूबाई दरवर्षी झाकण उचलतात आणि म्हणतात, "काय व, पाणीच पाणी केलं?" मी काही बोलत नाही. आलू संध्याकाळभर आतून रस्सा पीत बसतो, मीठही पितो. रात्री नऊला गरम करताना चिमूटभर मीठ घातलं की चव जागेवर येते. आणि फाटकाशी आणखी एक मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, की तांब्याभर उकळतं पाणी. दुपारी जो रस्सा सहा माणसांचा होता, तो चौदा माणसांना पुरल्याचं या घराने पाहिलं आहे. शेवटच्या पंगतीला त्यातून ताटाचा तळ दिसत होता. पण शेवटच्या पंगतीला नाटकाची घाई असते, कोणी बोलत नाही.

कोंबड्याच्या रस्स्यातही आलू पडतो. याला कोणी फसवणूक म्हणू नये. लहान लहान आलू अख्खे सोलून आधी तेलात लालसर करायचे, म्हणजे मोडत नाहीत. ओसरीवरच्या मंद दिव्यात मसाल्याने माखलेला, गोल, भरदार तुकडा ताटात पडला की जावयाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. बोटाने दाबला की विझतो. पण जावई माणूस, बोलणार काय? शेजारी बसलेल्या पोट्ट्याच्या ताटात तो हळूच सरकवतो आणि "खा रे, वाढाचं वय आहे तुयं" म्हणतो.

मात्र आधी करून ठेवण्याच्या कलेत रस्साही कच्चाच. खरी तयारी मे महिन्यातली. किसणीवर आलूचे काप पाण्यात पाडायचे, पाणी नितळ होईपर्यंत धुवायचे, मीठ-तुरटीच्या उकळत्या पाण्यातून काढायचे आणि गच्चीवर जुन्या लुगड्यावर एकेक सुटा पसरायचा. ऊन आमच्याकडे फुकट आणि भरपूर असतं. गच्चीवर अनवाणी गेलेला माणूस नाचतच खाली येतो. हे चिप्स डब्यात बंद झाले की दिवाळीनंतर तळले तरी कढईत पडताच फुलतात. सहा महिने आधी केलेली तोंडीलावणी! यावर मला फार गर्व होता. मग वाचलं, की पेरूच्या डोंगरांतले लोक रात्रीच्या कडाक्यात आलू गोठवतात, पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात, उन्हात वाळवतात, आणि मग तो आलू वर्षानुवर्षं टिकतो. आलू मूळ त्यांचाच, आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला. तेव्हा तुडवण्याचा मान त्यांचा. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाय धुतात का ते?"

चिप्सचा एकच दोष, आवाज. गेल्या हंगामात एका नाटकात आई मरायला टेकली होती, मुलगा पायाशी रडत होता, सगळा मंडप चिडीचूप. आणि आमच्या रांगेतून कुरूम, कुरूम. प्रॉम्प्टरचं वाक्य मुलाला ऐकू गेलं नाही, म्हणून आईला मरायला थोडं थांबावं लागलं. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन व्हय बे तो, आलूवाला?" आमचे भाटवे इकडेतिकडे बघू लागले. पिशवी त्यांच्याच मांडीवर होती.

यंदाही आमच्याकडची पंगत निभावली. आज माझ्या जावेच्या माहेरी मंडई आहे, तिथेही नाटक आहे. आम्ही निघतोय: मी, सासूबाई, नणंद, भाटवे, कालचे न गेलेले पाहुणे आणि त्यांचे पोट्टे. फोन करून "आमी दोघीच येतो, जेवाचं काही करू नका" असं कळवलं आहे.