ढेप जाते, तेल येतं

अहो वहिनी, या ना जरा कुंपणाजवळ. ऐकलंत का? बाहेरून येणाऱ्या तेलाची ड्युटी उतरवली! कच्च्या तेलावर साडेसत्तावीस टक्के होती, ३० मे २०२५ला साडेसोळा केली. आमच्या ह्यांचं तोंड बघा, एवढंसं झालंय. दोनच दिवस आधी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ झाला, ४३६ रुपये वाढला, म्हणून चौघांना चहा पाजून आले होते!

सून मात्र खुश. २०२४ला महालक्ष्म्या उठल्या नि दोन दिवसांत, १४ सप्टेंबरला, ड्युटी चढवली तेव्हा हीच दुकानात तेलाचं पाकीट हातात घेऊन... जाऊ द्या. तर काय सांगत होते, तेव्हा हे म्हणाले, "तेल महाग खाऊ, पण सोयाबीन उठेल." कुठलं काय! सोंगणी झाली, माल कारंज्याला नेला, नि ४८९२चा हमीभाव राहिला कागदावर. दोघांचे चेहरे उतरलेले, मध्ये मी चकल्या तळतेय!

बी.कॉम.वाली पुतणी म्हणते, "काकू, क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं अठराएक किलो, बाकी ढेपच. भाव ठरवते ती ढेप." ढेप आपण परदेशात विकायची, नि तेल आणायचं अर्जेंटिना-ब्राझीलचं, पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं. तिकडे ढेप पडली की इकडे आपलं पोतं बसलंच. अन् २०२१ला भाव दहा हजारांवर गेला, तर कोंबडीवाल्यांनी ओरड केली नि ऑगस्टात १२ लाख टन ढेप बाहेरून आणायची परवानगी मिळाली. ढेप विकणाऱ्यांनीच ढेप आणायची, बोला!

पुढे म्हणे, २०२४-२५मध्ये देशानं माल विकला ४३७ अब्ज डॉलरचा, आणला ७२० अब्जांचा. सासूबाईंची माळ थांबली. "अगं, मग उधारी कोण फेडतं?" धाकट्या जाऊबाईंनी लगेच पदर सावरला, "आमच्या पुण्याच्या पोरासारखे कंप्युटरवाले!" पुतणी म्हणाली, बरंच खरं आहे, सर्व्हिसची कमाई खूपसा खड्डा भरते. तेव्हापासून जाऊबाई अशा चालतात की...

आले हो, आले! वहिनी, वाटीभर तेल द्या ना. भाव उतरेपर्यंत मी पाकीट आणणार नाही. मागची वाटी? अहो, तुमच्याकडे माझं दोन पायल्या तुरीचं बियाणं आहे की!