जुन्या मोटरसायकलची इंधनव्यवस्था : नगर ते भंडारदरा

जुन्या मोटरसायकलची इंधनव्यवस्था टाकीपासून सुरू होते आणि इंजिनापाशी संपते, असे मानले जाते. प्रत्यक्षात ती मालकापासून सुरू होते. टाकीच्या मागे बसणाऱ्या या भागात साचलेला कचरा हवा मारून निघत नाही आणि त्याचा स्पेअर पार्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. प्रस्तुत मालक पन्नाशी ओलांडलेला असून १९९१ सालच्या, १०० सीसी चार-स्ट्रोक गाडीवरून मे अखेरीस काजवे पाहण्यासाठी नगरहून भंडारदऱ्याला निघाला. गाडी वडिलांची. अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. त्याच्या हिशेबाने चार तास पुरे होते, लागले साडेचौदा.

अशा गाडीत पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने वरून खाली येते, या एका तत्त्वावर सगळा कारभार चालतो. टाकीच्या तळाशी कॉक असतो आणि त्याच्या तीन जागा असतात: चालू, बंद आणि रिझर्व्ह. ‘चालू’ची नळी टाकीत थोडी उंच उभी असते, रिझर्व्हचे तोंड तळाशी असते. त्यामुळे रिझर्व्हला लावल्यावर शेवटच्या लिटरभर पेट्रोलबरोबर वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळही खाली उतरतो. पुढे पाइप, मग कार्ब्युरेटर. त्याच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो आणि वाटी भरली की सुईने पेट्रोलचे तोंड बंद करतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल-कॉक करतो तेच काम. वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून हवेच्या झोतात ओढले जाते. सावकाश चालण्यासाठीच्या जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. त्यात टाचणी घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि गाडी त्यानंतर आयुष्यभर जास्त पिते. मालकाने १९९८ मध्ये टाचणी घातली होती.

नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथले रणगाडे जागचे हलत नाहीत म्हणून कोणी तक्रार करत नाही.

पहिली विकृती विळद घाटात दिसली. निदान करताना गाडी बंद कशी पडते हे आधी पाहावे. दोष विजेचा असेल तर ती बटण दाबून दिवा मालवावा तशी एकदम बंद होते. पेट्रोल कमी पडत असेल तर तेल संपलेल्या समईसारखी फडफडत विझते. गाडी फडफडली, तीन आचके दिले आणि विझली. मालकाने ताबडतोब प्लग काढला. यामागे शास्त्र नव्हते. त्याला काढता येणारी ती एकमेव वस्तू होती. प्लग शर्टाला पुसला, टाकीचे झाकण उघडून आत डोकावून पाहिले, पेट्रोल काठोकाठ होते, झाकण लावले, किक मारली. गाडी सुरू झाली. सगळे श्रेय प्लगला देण्यात आले.

पंधरा-वीस किलोमीटरवर, राहुरीजवळ, पुन्हा तेच. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या परिसरात शेतीच्या अनेक रोगांवर संशोधन होते, पण या रोगाला तिथे इलाज नव्हता. मालकाने ऊन हे कारण ठरवले. कारण अगदीच वेडगळ नाही: पारा चाळीसच्या वर गेला की इंजिनाजवळच्या पाइपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडू शकतो. गाडी सावलीत लावली, चहा घेतला, वीस मिनिटांनी ती सुरू झाली. सिद्धान्त सिद्ध झाला. तो कोल्हारच्या प्रवरेच्या पुलापर्यंत टिकला.

येथे इंधनाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण आता रस्ता उसात शिरतो. लोणीजवळच्या प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या सुमारास गाळप सुरू झाले. सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास तिथून मोजतात. साखर काढल्यावर उरते मळी, मळीपासून होते इथेनॉल, आणि ते आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २००१ मध्ये याचे जे प्रयोग झाले, त्यांतले एक ठिकाण मनमाड होते, म्हणजे नगरहून राहुरीकडे येणारा हा रस्ता जिथे पोचतो ते गाव. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि आता वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात आणि जुनी टाकी आतून गंजते. जुन्या रबराच्या वॉशरांनाही ते मानवत नाही. शिवाय पेट्रोलच्या एका भागाला जाळायला सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडे पातळ पडते. म्हणजे पन्नाशीतला माणूस ज्या उसाचा रस दहा रुपयांना पिऊन ताजातवाना होतो, त्याच उसाने त्याची गाडी आजारी पडू शकते. या विचाराने मालक रसवंतीवर बसल्या बसल्या इतका प्रभावित झाला, की त्याने इथेनॉललाच गुन्हेगार ठरवून टाकले.

लोणीच्या मिस्त्रीने संपूर्ण कार्ब्युरेटर खोलला. काम निर्दोष केले: वाटी धुतली, जेटांना हवा मारली, फ्लोट हलवून पाहिला, हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दीड आटे सोडला. कॉकखालचा पाइप काढून धारही पाहिली. धार करंगळीएवढी पडली. मिस्त्री समाधानाने म्हणाला, “पेट्रोल तर फर्स्टक्लास येतंय, काका.” तपासणीतली चूक एवढीच, की टाकीतले पेट्रोल पाहण्यासाठी त्याने झाकण उघडले होते आणि ते उघडेच होते. वाटीत चिमूटभर गंज निघाला. तो मालकाने कागदात बांधून घेतला, पुरावा म्हणून.

संगमनेरपर्यंत दोनदा, अकोल्यापर्यंत तीनदा. एका थांब्यावर चोक ओढून पाहिला, एकावर रिझर्व्हला लावून. एकावर गाडी आडवी करून हलवली. एका वाटसरूने समुद्रसपाटीपासूनची उंची वाढल्याचे कारण सुचवले. कळसूबाई १६४६ मीटर आहे हे खरे, पण गाडी कळसूबाईवर चढत नव्हती.

अकोल्याच्या पुढे, राजूरच्या अलीकडे, दिवस मावळताना गाडी पुन्हा विझली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला एक दूधवाला थांबला. त्याने हत्यारे मागितली नाहीत.

“पाव्हणं, झाकण खोला बरं.”

मालकाने पेट्रोल भरपूर आहे असे सांगितले.

“आवो, खोला तर.”

झाकण फिरवताच टाकीने ‘फुस्स’ केले आणि हवा आत ओढली; दीर्घकाळ दाबून ठेवलेला सुस्कारा असतो तसा आवाज.

“गोडेतेलाच्या डब्याला दोन भोकं पाडत्यात का न्हाई? एकातून त्याल येतं, एकातून वारं जातं. तुमच्या टाकीला एकच हाये.”

याहून नेमके विवेचन कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. पेट्रोल जितके खाली जाते तितकी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती बुजली की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल अधांतरी अडकते. थोडी हवा कडेने शिरत राहते, म्हणून गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालते आणि चहा होईपर्यंत पुन्हा सुरूही होते. वाट बुजवली होती मालकाने. खाचखळग्यांत पेट्रोल उडून पॉलिश खराब होऊ नये म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री त्याने सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून झाकणात बसवला होता. मधे भोक पाडायचे राहिले होते असे नाही; भोक कशाला, असा विचार झाला होता. पेट्रोलने ट्यूबचे रबर फुगते. ते फुगून बुचासारखे बसले.

मालकाचे वडील प्रत्येक चहाला थांबले की टाकीचे झाकण उघडत, आत पाहत, धोतराच्या सोग्याने कड पुसत आणि पुन्हा लावत. तीस वर्षे घरात त्याची थट्टा झाली: अण्णा पेट्रोलचे थेंब मोजतात. नगरच्या धुळीत झाकणाची वाट बुजते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. कदाचित कोणी विचारले नाही. मालक झाकण हातात धरून बराच वेळ रस्त्यावर उभा राहिला. दूधवाल्याला वाटले, अजून समजले नाही. त्याने डब्याचे उदाहरण पुन्हा सांगितले.

रबर काढून फेकल्यावर गाडी भंडारदऱ्यापर्यंत थांबली नाही. राजूरचे पेढे घेतले. १९२६ मध्ये पुरे झालेले विल्सन धरण अंधारात दिसले नाही. काजवे झाडाझाडांवर होते आणि एका लयीत पेटत-विझत होते. त्यांच्या विझण्याकडे मालकाने थोड्या काळजीनेच पाहिले.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही बंद पडली नाही. झाकण मात्र प्रत्येक चहाला उघडले गेले. लोणीला मिस्त्रीने लांबूनच हाक मारून विचारले, “काय निघालं मग, काका?” मालकाने खिशातली कागदाची पुडी दाखवली आणि कचराच होता, असे सांगितले.