आधी काय चढवायचं?

आमचं सोलापूरकडचं मैंदर्गी गाव घरात कन्नड बोलतं, कचेरीत मराठी बोलतं आणि देवाला दोन्ही भाषांत साकडं घालतं. उगादीच्या आधी इथली माणसं श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाकडे चालत निघतात, आषाढीच्या आधी पंढरीच्या विठोबाकडे. चालायचं ते माणसांनी; संसार मात्र टेम्पोतून येतो. तो रोज पहाटे चढवायचा आणि रोज दुपारी उतरवायचा. हे शास्त्र कुठल्याही पोथीत नाही. टेम्पोच्या फाळक्यापाशी उभं राहूनच ते शिकावं लागतं.

या शास्त्राचा नियम एकच: जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. तळावर पोचल्यावर आधी लागतात पहार, खुंट्या, दोर आणि राहुटीचे बांबू. मग शेगडी, सिलिंडर, टोप, पाण्याचं पिंप. वळकट्या लागतात रात्री. म्हणजे पहाटे वळकट्या पहिल्यांदा, पार केबिनला टेकवून लावायच्या. ऐकायला सोपं आहे. पण पहाटे सगळ्यात आधी चढायची ही वस्तू सगळ्यात उशिरा तयार होते, कारण तिच्यात तिचा मालक झोपलेला असतो. शिवाय राहुटी सोडायची तर आतली माणसं उठायला हवीत, आणि माणसं उठवायला लागणारा चहा ज्या शेगडीवर व्हायचा ती टेम्पोत चढायला टेकलेली असते.

त्यात सोलापूरकडच्या माणसाची एक खास अडचण असते, कडक भाकरी. प्रवासाला हिच्यासारखी सोबतीण नाही. दिवसचे दिवस टिकते, शेंगाची चटणी आणि दही मिळालं की दुसरं काही मागत नाही. पण तिच्यावर काही ठेवता येत नाही आणि तिला कशावर ठेवलं तर गाडीच्या हिसक्यांनी तिचा चुरा होतो. त्यामुळे भाकरीची डालगी सगळं भरून झाल्यावर, पडद्याआड बसवलेल्या नव्या नवरीगत, केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाते. तिथे ज्या काकूंना गुडघेदुखीमुळे बसायचं असतं, त्यांना मग भाकरी मांडीवर घेऊन बसावं लागतं.

प्रत्येक दिंडीत एक माणूस टेम्पोच्या हौद्यात उभा असतो. तो स्वतः काही उचलत नाही; कुठे काय जाईल ते सांगतो. आमच्याकडे हे काम अप्पांचं. अप्पा रागावले की कन्नडमध्ये शिरतात. खालून पोरं तंबूचं ओलं गाठोडं उचलतात, वरून आवाज येतो, "निधान, निधान!" मागच्याला कन्नड येतं, त्याला कळतं, हळू करा; पुढच्या मराठी पाहुण्याला वाटतं, कुणाला तरी हाक मारली, आणि गाठोडं दोघांच्या पायावर येतं. आषाढात तंबू रात्रभर भिजतो. दुपारी दोघांनी हसत उतरवलेलं ओझं सकाळी चौघांना जड होतं. त्याला लागलेला चिखल वेगळाच.

हा चढवा-उतरवायचा प्रश्न थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर मूळचे शिंद्यांच्या चाकरीतले सरदार. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तो बसवला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आले, तंबू आला. दिंड्यांचा क्रम, चोपदार, नेमलेले तळ, हे सगळं पाहिलं की वाटतं, हैबतबाबांनी लष्कराची छावणी कितीदा हलताना पाहिली असेल! भजन कुठेही होतं. हजारो माणसांना उद्या दुपारी सावली मिळायची असेल, तर आज पहाटे दोर कुठे ठेवला हे कुणाला तरी माहीत असावं लागतं.

अमेरिकेत तर हा रोजचा चढउतार टाळायला पिकअप गाडीच्या हौद्यात बसवायची घडीची खोलीच मिळते. मुक्कामी छत वर ढकललं की भिंती उभ्या राहतात. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार जॅक लावायचे, ती उचलायची आणि गाडी खालून अलगद काढून घ्यायची. निघताना गाडी तितक्याच अलगद, इंच इंच मागे घेत पुन्हा खोलीखाली न्यायची. तेव्हा मागे उभं राहून "अजून, अजून, बस्स!" म्हणणारा एक अप्पा तिथेही लागतोच. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. टेम्पोवाल्या वारकऱ्यांना ते कळलं असतं, तर त्यांनी इतकंच विचारलं असतं, "त्यात पखवाज कुठं ठेवायचा?"

पंढरपुरात पूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या पडत. आता पैलतीरी '६५ एकर'वर दिंड्यांना प्लॉट आखून मिळतात. तिथे शेवटची उतरण होते आणि हिशेबही तिथेच लागतो. घरी माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा दिसत नाही, म्हणून तिचं ओझं कळत नाही. इथे प्रत्येक वस्तू दिवसातून दोनदा हातातून जाते. तिसरी चादर, जादा झारा, दुसरी बादली, सगळ्यांचं वजन मंगळवेढ्यापर्यंत हाताला पाठ झालेलं असतं. वैराग्यावरचं कीर्तन ऐकून जे होत नाही, ते फाळक्यापाशी दोन सकाळींत होतं.

पण पुरतं होत नाही, हेही बरंच. एका मावशींनी प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं. रोज भरताना ते आडवं यायचं, रोज अप्पा म्हणायचे, "हे कशाला आणलं?" आणि मावशी म्हणायच्या, "असू दे हो." ६५ एकरावर पाऊस लागला. खाली चिखल, आणि राहुटीत बसायला कोरडी जागा म्हणाल तर ते एक स्टूल. सगळ्यांचे गुडघे त्याच्यावर पाळीपाळीने विसावले; त्यात अप्पांची पाळी जरा जास्तच लांबली. परतीच्या भरणीला अप्पा हौद्यात चढले आणि त्यांनी खाली पाहून पहिल्यांदा विचारलं, "मावशी, स्टूल घेतलं का?"